आधी तुलना कशाची ते ठरव

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

प्रबंधाचा आराखडा वाचला. 'मराठी आणि इंग्रजी वाक्यरचना' एका प्रबंधात मावणार नाही, विषय आवळ. पहिलं प्रकरण बॉप आणि ग्रिम या एकोणिसाव्या शतकातल्या भाषाशास्त्रज्ञांवरही खर्ची घालू नकोस. ते भाषांचं कूळ शोधत होते. तुझ्या व्यतिरेकी अभ्यासाला, म्हणजे दोन भाषांतले फरक शोधणाऱ्या अभ्यासाला, कुळाशी कर्तव्य नाही.

'मुलीला आपलं घर आवडतं' हे वाक्य घे. क्रियापद 'घर'प्रमाणे चालतं. 'घरं' म्हटलं की 'आवडतात' होतं. पण 'आपलं' हा शब्द एरवी कर्त्याकडे बोट दाखवतो, आणि इथे ते घर कोणाचं? मुलीचं. म्हणजे कर्त्याची कामं दोघांत वाटली गेली आहेत. इंग्रजीत ती बहुतेक एकाच पदाकडे असतात. मग 'कर्ता' हीच तुलनेची मोजपट्टी धरलीस तर पाया डळमळणारच. 'अनुभव घेणारी व्यक्ती' धर आणि दोन्ही भाषा ती कशी मांडतात ते पाहा. भाषाशास्त्रज्ञ हास्पेलमाथ यांचा 2010 चा तौलनिक संकल्पनांवरचा, म्हणजे भाषांच्या तुलनेसाठी मुद्दाम ठरवलेल्या मोजपट्ट्यांवरचा, लेख याचसाठी वाच. मला तो फार मोलाचा वाटतो.

भाषाशिक्षणाचे अभ्यासक लाडो यांनी 1957 मध्ये मांडलं होतं की दोन भाषा जिथे वेगळ्या, तिथे शिकणारा अडखळतो. कॉर्डर (1967) आणि सेलिंकर (1972) यांच्या लेखांनंतर हे इतकं सरळ राहिलं नाही, कारण शिकणारा स्वतःचेही नियम रचत असतो. त्यामुळे 'मातृभाषेचा प्रभाव' हे शब्द पुराव्याशिवाय लिहू नकोस.

आता पुराव्याचं. नव्वदच्या दशकात स्टिग योहान्सन यांनी ऑस्लोत इंग्रजी-नॉर्वेजियन समांतर कॉर्पस, म्हणजे मूळ मजकूर आणि भाषांतर शेजारीशेजारी लावलेला संग्रह, उभा केला. त्यात दोन्ही भाषांतल्या मूळ पुस्तकांतले उतारे आणि त्यांची एकमेकींतली भाषांतरं आहेत. हा आराखडा मला आजही आदर्श वाटतो. भाषांतरित मराठीवर मूळ इंग्रजीची छाया पडलेली असते. तू फक्त इंग्रजीतून आलेलं मराठी तपासलंस, तर ती छायाच मोजशील. ग्रामबँकेसारख्या (Grambank) जगभरच्या भाषांच्या व्याकरणाच्या माहितीकोशांत आज 2400 हून अधिक भाषा आहेत, पण एखादी रचना भाषेत आहे की नाही एवढंच तिथे कळतं. ती किती वेळा आणि कुठे वापरली जाते, हे मजकूर वाचूनच समजेल.

तेव्हा भूक, भीती, आवड, आठवण एवढ्याच क्रिया घे. इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत अशी दोन्ही दिशांची थोडी उदाहरणं घे, मूळ वाक्य आणि भाषांतर यांच्या जोड्या हाताने लावून पाठव, मग बोलू.

तुझा,
बाबा