म्हाईला येण्याआधी वाच

निपाणी

चि. बाळूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, म्हाईच्या जेवणाला मामाला बोलवू नको. पिऊन पाहुण्यांसमोर तमाशा नको." मी तेव्हा काही बोलले नाही, शेजारी मामी बसली होती. पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. फोनवर तू "बरं, बरं" म्हणतोस आणि ठेवतोस. म्हणून कागद घेतलाय. दोनदा वाच.

तू हॉस्टेलला होतास तेव्हा घरात काय काय झालं ते तुला आम्ही पुरतं सांगितलंच नाही. तुला मामा आठवतो तो वरातीत नाचून पडलेला, नाहीतर उंबऱ्यावर झोपलेला. त्याच्या मागचं सांगते. २००७ च्या जुलैत कर्नाटकात सारायी, म्हणजे पाकिटातली स्वस्त दारू, बंद झाली. पाकिटं गेली, म्हणून आज्जीनं त्या दिवशी देवाला नारळ फोडला. आठ दिवसांत मामा बारमध्ये जाऊन बसला. पैसे आधीपेक्षा जास्त जायला लागले, एवढाच काय तो फरक पडला. मग आज्जीनं कुठल्याशा जाहिरातीवरून पूड मागवली. ‘न सांगता दारू सोडवा.’ ती आमटीत कालवून त्याला घातली, आणि तो वरून प्यायला. तोंड लालबुंद, छाती धडधडायला लागली, ओकून ओकून बेजार. डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावून चांगलं सुनावलं. डायसल्फिराम नावाची गोळी असते, ती रोग्याला सांगून, त्याच्या मर्जीनं आणि तपासण्या करूनच देतात. तिच्यावर दारू पोटात गेली की शरीरात विष साठतं, हृदयावरही येऊ शकतं. चोरून असलं काही घालणं म्हणजे जिवाशी खेळ. आज्जी बिचारी त्या दिवसानंतर त्याच्या ताटात मीठ वाढायलासुद्धा घाबरायची.

एवढं होऊनही आम्ही शहाणे झालो नाही. तुझ्या बाबांनी आणि काकांनी ठरवलं, कोंडून घालू, तीन दिवसांत उतरेल. मागच्या खोलीला बाहेरून कडी घातली. पहिल्या दिवशी हात थरथरत होते, घामानं अंथरूण भिजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फिट आली. तिसऱ्या रात्री तो भिंतीवरच्या मुंग्या झटकत होता, भिंतीवर एकही मुंगी नव्हती. मला म्हणाला, "अक्का, दार उघड, ही माणसं मला न्यायला आल्यात." खोलीत आम्ही दोघंच होतो. त्याचे हात धोतरानं बांधून दवाखान्यात नेलं. तिथली सिस्टर बघताच म्हणाली, "कट्टबेड्री अक्का, बिड्री." बांधू नका, सोडा. तिनंच गाठ सोडली आणि त्याच्या कपाळावर हात ठेवला. इतक्या वर्षांत आमच्यातल्या कुणी त्याच्या कपाळाला हात लावला नव्हता रे.

डॉक्टर म्हणाले, रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या दाबाखाली चालायची सवय करून घेतो. दाब एकदम काढला की तो उसळतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येते, दोन-चार दिवसांत भास होतात, आणि उपचार नाही मिळाले तर माणूस दगावूही शकतो. शिरेतून ब-१ जीवनसत्त्व, गोळ्या, डोळ्यांत तेल घालून लक्ष, एवढं लागतं. आम्ही त्याला कडी लावून ठेवला होता. हे मी आजवर कुणाला लिहून दिलेलं नाही. तुला देतेय.

मागच्या खेपेला तो पाच महिने कोरडा राहिला, ते तुला माहीत आहे. परत कसा घसरला ते तू फक्त बाबांच्या तोंडून ऐकलंस: "कुत्र्याचं शेपूट." माझ्याकडून ऐक. तो बाहेरून आला की मामी तोंडाचा वास घ्यायची. मी खिसे बघायचे. शेजारच्या पोराला त्याच्या मागे पाठवायचो, कुठं जातोय बघ म्हणून. आणि ह्याच्या उलटंही आम्हीच करायचो. पीत होता तेव्हा कामावर फोन करून "ताप आलाय" सांगणारी मीच, बारची उधारी गुपचूप भागवणारी मीच. म्हणजे पिताना त्याला पाठीशी घातलं, आणि सोडल्यावर त्याला चोरासारखा वागवला. पाचव्या महिन्यात एका लग्नात कुणीतरी ग्लास पुढे केला, "एकानं काय होतंय?" म्हणून. दोष त्या एका ग्लासाला देऊन आम्ही सगळे मोकळे झालो.

मी हे एवढ्या ठामपणे लिहितेय कारण मीसुद्धा त्याच वाटेवरची आहे.

तुला माझी मशेरी ठाऊक आहे, पण तू तिला कधी व्यसन म्हटलं नाहीस. मीही नाही. आपलं गावच तंबाखूचं. ८१ साली तंबाखूच्या दरासाठी शेतकऱ्यांनी हायवे अडवला, गोळीबार झाला, तेव्हा मी बारा वर्षांची होते. पुढच्याच वर्षी आईबरोबर वखारीत चाळायला जाऊ लागले. खकाण्यानं नाक-डोळे भरून यायचे. दाढ दुखली तर एका बाईनं तव्यावर भाजलेली चिमूट दिली, दुखणं थांबलं. ती चिमूट तीस वर्षं पुरली. सकाळी मशेरीशिवाय पोट साफ होत नव्हतं. दिवसाला तीनदा, मग पाचदा. माहेरी जाताना आधी डबी पिशवीत, मग लुगडं. आणि हे ऐक. मी आषाढीला पाणीसुद्धा घेत नव्हते, पण मशेरी लावायची. देवासाठी पाणी सोडलं, मशेरी नाही सोडली. त्यात काही वावगं आहे असं माझ्या मनातही आलं नाही. आता कुणी मला विचारलं की सवय आणि व्यसन ओळखायचं कसं, तर मी ही एकादशी सांगते.

हिरडीवर पांढरा चट्टा दिसला तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "किती वर्षं लावताय?" एवढंच विचारलं आणि उत्तर लिहून घेतलं. सोडल्यावर पहिले तीन दिवस डोकं फुटत होतं, तुझ्यावर भांडी आपटली, आठवतं? दोनदा परत लावली. दुसऱ्यांदा तर शेजारणीनं तवा चढवला आणि नुसत्या वासानं पाय तिकडे वळले. तेव्हा तुझे बाबा काही बोलले नाहीत, लवंगांची पुडी आणून दिली. तल्लफ येते तेव्हा वाटतं जीव जाईल, पण पाच-दहा मिनिटं काढली की ओसरते. चार वर्षं झाली. अजूनही तवा तापला की मी दुसऱ्या खोलीत जाते.

मला दोनदा माफ केलंत, बाळू. घरच्यांनीही आणि तूही. मामाला किती वेळा?

आता तुझं. मागच्या वेळी तुझी पँट धुवायला घेतली तर खिशात सुपारी-तंबाखूच्या माव्याची पुडी निघाली. मी ती टाकली नाही. मामाच्या बाटल्या आम्ही किती फोडल्या, त्यानं काय झालं? फडताळात ठेवलीय, तुझी तू बघ. पण त्याच्या आधीच मला कळलं होतं. जेवताना ठेचा जिभेला लागला आणि तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. तू, जो लहानपणी भाकरीबरोबर नुसता ठेचा खायचास! तोंडात आग होणं ही पहिली खूण असते, हे मला त्याच डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. पुढे गाल आतून ताठ होतात, तोंड उघडेनासं होतं. आरशासमोर उभा राहा आणि स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालून बघ. जात नसतील तर थांबू नकोस. नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००४ सालीच जाहीर केलंय, आणि माव्यात तर तंबाखू आणि चुनाही असतो. ‘गुटखा नाही, मावा आहे’ ही समजूत मनातून काढ. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ ला बंदी आली, आपल्याकडे कर्नाटकात २०१३ ला. दुकानदारांनी पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत विकायला घेतली. सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, तोंड तेच.

मी रागावलेली नाही. रात्रपाळीत झोप येते म्हणून सुरू केलास, हेही ओळखते. माझीही दाढ दुखत होती. तंबाखू सोडायला सरकारचा फुकट नंबर आहे, १८००-११-२३५६. आणि मन फारच खाली गेलं तर टेलिमानसचा १४४१६, रात्री-बेरात्रीही उचलतात. मामीनं दोनदा लावलाय, खरंच बोलतात.

म्हाईचं असं ठरवलंय. मामा येणार. मटणाचा रस्सा तोच करणार, त्याच्या हाताची चव घरात कुणालाच नाही. मागच्या अंगणात बाटली उघडायची नाही, हे मी काकांना सांगितलंय. ज्यांना प्यायचीच असेल त्यांनी जेवून आपापल्या घरी जावं. कुणी नाराज झालं तर होऊ दे. "आता किती दिवस झाले?" असं त्याला पाहुण्यांदेखत विचारायचं नाही, पाठही थोपटायची नाही. कुणी ग्लास पुढे केला तर तू मध्ये पडू नकोस, त्याला स्वतःला "नको" म्हणू दे. नुसता त्याच्या शेजारी बस. रात्री तो बेचैन झाला तर त्याला घेऊन मळ्याकडं एक फेरी मार. व्यसनमुक्ती केंद्रातल्या ताई म्हणाल्या, दर आठवड्याला त्यानं बैठकीला जायचं. आणि घरच्यांची बैठक वेगळी असते, तिथं मामी आणि मी जाणार आहोत. परत घसरला तर? घसरूही शकतो. मग त्याच दिवशी ताईंना फोन करायचा. कडी लावायची नाही.

शनिवारी त्याला केंद्रातून आणायला मी कोल्हापूरला जातेय. तू गाडी घेऊन पुण्याहून येतोयस, तर स्टँडवर आम्हाला घे. दुपारी दोनपर्यंत पोच. त्याच्याकडे एकच पिशवी असेल, ती तू उचल. पुढच्या सीटवर त्याला बसव, मी मागे बसते. सोमवारी सकाळी दहाला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे तुझा नंबर लावलाय, त्या दिवसाची रजा टाकून ये.

तुझी आई