डाग माझा, हात कुणाचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

स्वतःचा धडधाकट पाय परका वाटून तो कापून घ्यायला निघालेल्या माणसांवरचा ‘हा पाय माझा नाही!’ हा कालचा मजकूर चुटक्यांच्या शेजारी छापलात, झकास. स्कॉटलंडात फॉल्कर्कच्या सर्जनने १९९७ आणि १९९९ मध्ये दोघांचे धडधाकट पाय कापले, हेही चवीने सांगितलंत. असा माणूस रात्री दवाखान्यात आला तर त्याचं काय करायचं, यावर मात्र एक ओळ नाही.

गेल्या श्रावणात आमचे आण्णा रात्री साडेनऊला ताटावरून उठताना कलंडले. कॉटवर निजवलं, तर उजव्या हाताने स्वतःचा डावा हात उचलून बाजूला टाकायला लागले. "ह्यो कुणाचा हात ठेवलाय हितं? उचला की!" मनगटावर गुऱ्हाळात काहिलीला भाजल्याचा जुना डाग आहे, तो दाखवला. म्हणाले, "डाग माझाच हाय, हात न्हाई."

शेजारच्या काकूंनी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. सव्वादहाला आम्ही हॉस्पिटलात (नाव लिहीत नाही). ड्युटीवरच्या डॉक्टरांनी अर्धंच ऐकलं. "मेंटल केस आहे, मानसोपचारवाले सकाळी येतील," म्हणून झोपेचं इंजेक्शन दिलं. वॉर्डबॉय हळूच म्हणाला, "रत्नागिरीला न्या," म्हणजे मनोरुग्णालयात. हाताला ताकद आहे का, तोंड वाकडं झालंय का, कुणी बघितलं नाही. स्कॅन सकाळी सातला झालं. मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी, म्हणजे पक्षाघात. ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. आता आण्णा त्या हाताला आपला म्हणतात, पण तो हलत नाही.

तुमच्या लेखातली माणसं वेगळी. पाय आपलाच आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, तरी तो परका वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत या त्रासाची वेगळी नोंद आहे. तुम्ही दोन्हींची भेळ केलीत. त्यातला कुणी पायाला इजा करून घेऊन रात्री आला, तर आमच्याकडे त्याला टाके आणि शिव्या मिळतील. वास्तविक २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे जिवाला धोका असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो. मग ‘सकाळी या’ कशाला?

जाता जाता, त्याच पानावर खाली करणी-भानामती उतरवणाऱ्या बाबांची जाहिरात आहे. त्यांचा फोन चोवीस तास चालू असतो म्हणे.

आपला,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर