राखेचं सिमेंट

चंद्रपूर,
रविवार, रात्री

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. पाया भरून झाला, जोत्यापर्यंत आलात आणि वहिनींनी ओट्याच्या उंचीवरून मिस्त्रीला दोनदा परत पाठवलं, हे वाचून बरं वाटलं. घर आता त्यांचं झालं म्हणायचं.

तू विचारलंयस, "मिस्त्री म्हणतो राखेचं सिमेंट म्हणजे भेसळ, 53 ग्रेडच आणा. तू त्यातला माणूस, खरं काय ते सांग." एकोणीस वर्षं लॅबमध्ये काढल्यावर पहिल्यांदा मला कुणी असं काही विचारलं. एरवी नातेवाईक "डीलरकडून काही कमी होईल का?" याच्या पुढे जात नाहीत.

तर, राखेचंच घे. म्हणजे पीपीसी, पोर्टलँड पोझोलाना सिमेंट. आता कारण सांगतो, ते जरा लांब आहे.

सिमेंटचा जीव म्हणजे क्लिंकर. चुनखडी आणि थोडी माती दळून 1450 अंशाच्या आसपास भाजली की काळपट गोट्या पडतात, तो क्लिंकर. त्यात थोडं जिप्सम घालून दळलं की साधं सिमेंट झालं, मिस्त्रीचं 53 ग्रेड त्यातलंच. गंमत अशी की शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजलीस तर चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड होऊन धुराड्यातून निघून जातो. हा कोळशाचा धूर नव्हे, दगडाच्या पोटातलाच वायू. भट्टीच्या कोळशाचा आणखी वेगळा. त्यामुळे कारखान्याच्या छपरावर कितीही सोलर लावा, दगडातला वायू निघायचा तो निघतोच. जगभरातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा आहे, तो यामुळे. सिमेंट कंपनीच्या कॅलेंडरवर पवनचक्कीचा फोटो दिसला की मी म्हणूनच आधी विचारतो, पोत्यात क्लिंकर किती?

आता राख. आमच्या इथल्या वीज केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट. एवढा कोळसा जळतो म्हटल्यावर राखेचे ढीग किती पडत असतील ते बघ. तीच बारीक राख बल्करमधून, म्हणजे बंद टाकीच्या ट्रकमधून, सिमेंट कारखान्यात येते. पीपीसीत ती 15 ते 35 टक्के घालायला मानकानेच परवानगी आहे आणि किती घातली ते पोत्यावर छापलेलं असतं. छापून केलेली भेसळ मी तरी पाहिलेली नाही. सिमेंटमध्ये पाणी पडलं की थोडा चुना मोकळा होतो. नुसत्या सिमेंटमध्ये तो तसाच पडून राहतो, राख असली की ती त्याला खाऊन आणखी चिकट माल तयार करते. काँक्रीट हळूहळू घट्ट होतं, पाणी कमी झिरपतं. आपल्याकडे हे नवीन नाही. गडावर चुन्याची घाणी दाखवून गाईड पुढे पळतात, पण त्या चुन्यात विटांची भुकटी, सुरखी, कालवायची पद्धत होती, तीही याचसाठी.

मिस्त्री म्हणेल, 53 म्हणजे 53, पीपीसीला कागदावर 33च लागतं. हे आकडे अठ्ठावीस दिवसांनंतरच्या ताकदीचे, मेगापास्कलमध्ये. खरं आहे. पण बाजारातलं पीपीसी त्याच्या बरंच वर असतं आणि तुझ्या दुमजली घराचं काँक्रीट असून असून एम-20 नाहीतर एम-25, म्हणजे 20-25 ताकदीचं. पूल बांधतोयस का तू?

ढोबळ हिशेब सांगतो. साध्या सिमेंटच्या पोत्यामागे चाळीस किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पडतो, तीस टक्के राख असलेल्यामागे अठ्ठावीसेक. तुला चारशे पोती लागतील. पाच टन वाचला, तेही खिशाला न लागता.

पण एक अट आहे, आणि मिस्त्रीची खरी अडचण तीच. राखेचं सिमेंट सुरुवातीला सावकाश पकडतं. सेंट्रिंग काढायची घाई चालत नाही आणि पाणी जास्त दिवस मारावं लागतं: साध्या सिमेंटला निदान सात दिवस, याला दहा, उन्हाळा असेल तर चौदा. स्लॅबवर मातीच्या बांधाचे वाफे करून पाणी साठव, कॉलमला गोणपाट गुंडाळ. आणि माल कालवताना "जरा पातळ होऊ दे" म्हणत जी बादली ओततात ना, तिनं जेवढी घरं कच्ची केली तेवढी राखेनं नाही.

तू पुढे लिहिलंयस की तुमची इंडस्ट्री आता फार हिरवी झाली म्हणे. बाळ्या, एक सांगतो, कुठं ते विचारू नकोस. माझी पहिली नोकरी. कुंपणापलीकडे पऱ्हाटी उभी. दिवाळीच्या सुमारास एक म्हातारी गेटवर आली, पदराच्या ओटीत वेचलेला कापूस. म्हणाली, "साहेब, पांढरा म्हणून पेरला होता जी." मी एक बोंड हातात घेतलं. वरून राखाडी, चिमटीत चोळलं तर करकर. व्यापाऱ्यानं भाव पाडला होता. पानांवर धूळ, त्यावर दव, त्यावर ऊन, की पापुद्रा धरतो. तो नखानं निघतो, पानासकट.

आमच्याकडे तेव्हा विजेवर धूळ पकडणारं जुनं यंत्र होतं. भट्टीत कार्बन मोनॉक्साइड वाढला की स्फोट नको म्हणून ते आपोआप बंद पडायचं आणि तेवढा वेळ सगळी धूळ थेट आभाळात. आमच्या रजिस्टरमध्ये ते "ट्रिप, इतकी मिनिटं" एवढंच. म्हातारीच्या रजिस्टरमध्ये कापूस. त्याच वर्षी कंपनीनं तिच्या गावच्या शाळेला रंग दिला, फोटो निघाले. पुढे धूळ गाळणाऱ्या कापडी पिशव्यांचे फिल्टर बसले, तेव्हा कुठे पानं हिरवी दिसायला लागली.

कायद्यानं 2014 पासून मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. चांगलंच आहे, त्यातून दवाखाने चालतात, मी पाहिलेत. पण फिल्टरचा खर्च हा त्या दोन टक्क्यांतला नव्हे, ते धंद्याचं देणं आहे. शाळेला रंग नंतर द्या, आधी धूळ धरा. मीटिंगमध्ये हे एकदा बोललो, तर साहेब म्हणाले, "तुम्ही लॅब बघा."

पुढे राखही पुरणार नाही, कोळशाची केंद्रं कमी होत गेली की. म्हणून आता भाजलेली माती आणि न भाजलेली चुनखडी घालून केलेल्या सिमेंटची चर्चा आहे. क्लिंकर निम्माच. मातीला आठशेएक अंशांची भट्टी पुरते आणि तिच्या पोटातून वायू नाही, वाफ निघते. 2023 मध्ये त्याचं भारतीय मानकही आलं. तुझ्या घराला नाही मिळणार बहुतेक, पोराच्या घराला मिळेल.

बरं, आता काम. पोत्यावर आठवडा आणि साल छापलेलं असतं. तीन महिन्यांहून जुनं घेऊ नकोस. पोती भिंतीला टेकवू नकोस, खाली फळ्या टाक. पहिल्या गाडीतल्या पोत्याचा फोटो पाठव, राखेची टक्केवारी दिसेल असा. स्लॅबची तारीख आठ दिवस आधी कळव, रजा टाकून येतो. मिस्त्रीला सांगून ठेव, त्या दिवशी पाण्याची बादली माझ्याकडे.

वहिनींना नमस्कार. ओटा त्या म्हणतील तेवढाच ठेव.

तुझा,
चुन्या