जेलीफिशचं ‘केमिकल’ कारखान्यातलं नाही हो!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत युरोपच्या किनाऱ्यांवर मून जेलीफिशची एवढी गर्दी का होते यावर एक छोटी बातमी होती. असल्या विषयाला जागा मिळाली म्हणून बरं वाटलं, पण हेडिंग ‘केमिकलमुळे जेलीफिश वाढले’ आणि बाजूला फोटो कुठल्यातरी कारखान्याच्या पाइपचा! आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लगेच सुरू, बघा कंपन्या समुद्रात काय काय सोडतात. कंपन्यांची बाजू घ्यायला मी हे लिहीत नाहीये, सोडतात ते सोडतातच, पण ज्या संशोधनावरून ती बातमी केलीय त्यातलं केमिकल हा प्राणी स्वतःच्याच अंगात बनवतो.

माझी मुलगी जर्मनीत कील शहरात शिकते, तिच्याकडे गेले होते तेव्हा तिने मायक्रोस्कोपखाली मला हा प्रकार दाखवला. जेलीफिश आधी तळाला नाहीतर धक्क्याच्या खालच्या बाजूला चिकटून राहतो, दोन-तीन मिलिमीटरचा देठ आणि तोंडाभोवती मिशांसारखे तंतू, त्याला पॉलिप म्हणतात. मी बघितला त्याच्या मिशा गळलेल्या आणि देठाला आडव्या खाचा पडून चकत्यांची चळत झालेली, अगदी आजीच्या माजघरातली मडक्यांची उतरंडच, फक्त तपकिरी आणि खसखशीएवढी. सगळ्यात वरची आठ पाकळ्यांची चकती सारखी उघडझाप करत होती आणि बघता बघता सुटून पोहायलाच लागली की, म्हणजे ते जेलीफिशचं पिल्लू! नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ मिखाएल सार्स यांनी एकोणिसाव्या शतकात पॉलिप आणि ही उतरंड हे आधी दोन वेगळे प्राणी समजून दोन नावं दिली होती, त्यात त्यांची काय चूक, मलाही तसंच वाटलं असतं.

हे सुरू होतं थंडीने. कीलच्याच संशोधकांनी 2014 मध्ये दाखवलं की पाणी 18 अंशांवरून 10 अंशांवर आणलं की पॉलिपमधलं सीएल390 नावाचं जीन हळूहळू जास्त काम करायला लागतं आणि थंडी किती दिवस टिकली याचा जणू हिशोब ठेवतं, या जीनपासून बनणारं प्रथिन हेच ते अंगातलं केमिकल. दोन दिवस गारवा आला की स्वेटर काढणाऱ्या आम्हा ठाणेकरांसारखं नाही, तिथे काही आठवडे सलग थंडी लागते. या कामात अ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रेटिनॉइक ॲसिडचाही हात आहे. मग त्या संशोधकांनी इंडोल नावाच्या गटातली केमिकल्स बाहेरून पाण्यात घालून बघितली, तर 5-मेथॉक्सी-2-मेथिलइंडोल नावाच्या छोट्याशा रेणूने थंडीबिंडी काही न देता 48 तासांत उतरंड सुरू! गंमत म्हणजे या रेणूचाच सांगाडा इंडोमेथासिन या औषधात आहे, माझ्या सासूबाईंना संधिवाताला द्यायचे तीच कॅप्सूल, आणि त्या औषधानेही पॉलिपचं रूपांतर सुरू होतं हे 2012 मध्येच छापून आलंय.

त्याच्याही आधी अमेरिकेच्या संशोधक डोरोथी स्पँगेनबर्ग यांनी आयोडीन आणि थायरॉक्सिन या हार्मोनने पॉलिपचं हेच रूपांतर कसं सुरू होतं यावर काम केलं, बेडकाच्या पिल्लाची शेपटी जिरवून त्याचा बेडूक करणारं तेच थायरॉक्सिन. 1991 मध्ये कोलंबिया यानातून त्यांचे पॉलिप आणि पिल्लं मिळून जवळपास अडीच हजार जीव अंतराळात गेले आणि तिथेसुद्धा पॉलिपपासून पिल्लं सुटली. बातमीत हे दोन ओळींत आलं असतं तरी चाललं असतं, पाइपच्या फोटोपेक्षा भारी वाटलं असतं.

अजून एक, बातमीच्या शेवटी ‘जाळी लावून जेलीफिश काढणे हाच उपाय’ असं लिहिलंय. काढा की, पण वर तरंगणारे काढले तरी धक्क्याखालचा पॉलिप जागेवरच राहतो, चकत्या सुटून गेल्या की उरलेल्या बुडख्याला परत मिशा फुटतात, बाजूला कोंब येऊन नवे पॉलिपही होतात आणि पुढच्या हिवाळ्यात परत उतरंड. आणि पुरवणीच्या त्याच पानावर जुहूच्या ब्लूबॉटलचा फोटो ‘आपला जेलीफिश’ म्हणून टाकलाय, ती तर जेलीफिशही नाही, अनेक जीवांची मिळून झालेली वसाहत आहे. निदान हेडिंगचा तरी खुलासा छापा, ग्रुपवर टाकायला मला कात्रण लागेल.

आपली एक वाचक,
ठाणे