जनुकाचा पत्ता आवृत्तीसह छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जनुकीय तपासणीच्या अहवालात ‘गुणसूत्र अमुक, स्थान तमुक’ छापायचे आणि संदर्भ जनुकसंचाची (तुलनेसाठी वापरायच्या मानवी डीएनएच्या प्रमाण नकाशाची) आवृत्ती गाळायची, म्हणजे गावाचे नाव न घालता घर क्रमांक देण्यासारखे आहे. विदर्भाला, नंदुरबारला परिचित असलेल्या सिकलसेलचेच पाहा. हिमोग्लोबिनचा एक भाग घडवणाऱ्या एचबीबी जनुकातला तो डीएनएच्या एका अक्षराचा बदल अकराव्या गुणसूत्रावर जीआरसीएच३७ (२००९) या आवृत्तीत ५२४८२३२ या स्थानी येतो, जीआरसीएच३८ (२०१३) मध्ये ५२२७००२ या स्थानी. जुना आकडा नव्या आवृत्तीत टाकला, तर आपण गॅमा ग्लोबिनच्या (हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या एका भागाच्या) एका जनुकाच्या काठावर पोहोचतो. तिथे काहीच सापडत नाही, आणि ‘बदल नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो.

आयजीव्ही हे जनुकीय माहिती पडद्यावर पाहण्याचे मोफत सॉफ्टवेअर उघडले की आधी वरची आवृत्तीची यादी तपासावी. बॅम फाइल (संदर्भावर जुळवलेल्या रीड्सची, म्हणजे यंत्राने वाचलेल्या डीएनएच्या लहान तुकड्यांची) स्थानानुसार लावलेली हवी आणि तिची बीएआय फाइल, म्हणजे सूची, शेजारीच हवी. सुमारे ३० हजार अक्षरांपेक्षा मोठा पट्टा पडद्यावर असेल तर रीड्स दिसतच नाहीत; फाइल रिकामी आहे असे समजू नये, जवळ जावे. रीड्सवर सगळीकडे रंगीत ठिपक्यांचा सडा दिसला, तर बहुधा फाइल एका आवृत्तीची आणि संदर्भ दुसरीचा.

विद्यार्थी हमखास गोंधळतात ते इथे: पुस्तकात बदल ‘ए’चा ‘टी’, पडद्यावर मात्र ‘टी’चा ‘ए’. एचबीबी डीएनएच्या उलट्या धाग्यावर आहे आणि पडदा सुलट्या धाग्याची अक्षरे दाखवतो, एवढेच कारण. राखाडी रीड्समध्ये हा ‘ए’ हिरवा दिसतो. वाहकात साधारण निम्म्या रीड्सवर, दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर जवळपास सगळ्यांवर. ३० पैकी ४ रीड्स हिरव्या आणि चारही एकाच दिशेच्या असतील, तर विश्वास ठेवू नये. रीड्सची संख्या दाखवणारा वरचा आलेख अशा वेळी राखाडीच राहतो, कारण त्यावर बदलाचा रंग दिसण्याची मुळातली (डीफॉल्ट) मर्यादा २० टक्के आहे. पोकळ दिसणाऱ्या रीड्स दुसरीकडेही तितक्याच नीट बसतात, त्या मोजू नयेत.

बेड फाइलची (डीएनएवरच्या पट्ट्यांच्या यादीची) मोजणी शून्यापासून, व्हीसीएफची (सापडलेल्या बदलांच्या यादीची) एकपासून. एका अंकाची चूक इथूनच शिरते.

प्रयोगशाळांनी अहवालात आवृत्तीचे नाव, त्या जागी असलेल्या एकूण व बदल दाखवणाऱ्या रीड्सची संख्या आणि आयजीव्हीच्या पडद्याचे चित्र द्यावे. त्यासाठी अर्धे पान पुरते.

— जीवमाहितीशास्त्राचे एक शिक्षक, नागपूर