डब्यातले फोन बाहेर काढा

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

मोबाइल टॉवरच्या भीतीबद्दल फोनवर बोलायला गेलं की आई गप्प होते आणि बाबा पावसावर येतात. म्हणून लिहिते आहे. दुपारची आवराआवर झाली की ओटीवर बसून दोघांनी मिळून वाचा. आई, चष्मा लाव, माझं अक्षर बारीक झालंय.

आधी सांगून टाकते. मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास वाय-फाय बसवायला मुलगा येतोय. पैसे भरून झालेत. तुम्हाला न विचारता ठरवलं हे मला बोचतंय. पण विचारलं असतं तर 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणाला असतात, आणि फेब्रुवारीतल्या त्या रात्रीनंतर मला तेवढा धीर उरलेला नाही.

आई, त्या रात्री दोन्ही फोन बंद करून तू लाडवांच्या स्टीलच्या डब्यात ठेवले होतेस. बाबा न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडले, तू अंधारात फडताळ चाचपडलंस, डब्याचं झाकण निघेना, मग तशीच अनवाणी काकूंच्या दारात धावलीस. मला सकाळी सहाला कळलं. तुला कुणी दोष दिलेला नाही आणि देणारही नाही. कारण ती भीती तुझ्या मनात मी घातली.

आठवतंय ना? मी हॉस्टेलवर होते आणि इकडे समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर टॉवर उभा राहत होता. मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक गिरीश कुमार टॉवरच्या लहरींबद्दल इशारे देत होते. मे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरी '२ब' गटात टाकल्या होत्या. मी पेपरातली कात्रणं लाल पेनाने रेघा मारून पाकिटातून पाठवली. तू ती देवघराच्या खणात अजून जपून ठेवली आहेस, हे मला दिवाळीत दिसलं आणि पोटात कसंतरी झालं. कारण पुढचं मी वाचत राहिले, पण तुम्हाला काही कळवलं नाही.

ते आता कळवते. '२ब' म्हणजे पुरावा तोकडा आहे, पण शक्यता साफ नाकारता येत नाही. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कसुद्धा याच गटात आहे. (म्हणून विहिरीजवळची कोरफड उपटायला जाऊ नकोस! ते पोटात घेण्याबद्दल आहे, केसांना लावण्याबद्दल नाही.) तेव्हा लोक बोलले ते वाया गेलं नाही. १ सप्टेंबर २०१२ पासून आपल्याकडे टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली. ९०० मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागे ४.५ वॅट होती, ती ०.४५ झाली. आणि २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच करून घेतलेला मोठा आढावा आला. १९९४ ते २०२२ मधले ६३ अभ्यास एकत्र तपासले. मोबाइल वापरणं आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही, दहा-दहा वर्षं वापरणाऱ्यांतही नाही. संशोधन थांबलेलं नाही, थांबूही नये. पण झोप उडावी असं त्यात काही नाही.

बाबा, तुम्ही म्हणाल, टॉवर तर डोळ्यांसमोर उभा आहे. त्याचा झोत बॅटरीसारखा समोर, दूरवर जातो, पायथ्याशी फार कमी पडतो. आणि चुलीपासून मागे सरकलं की धग कशी भराभर उतरते, तसंच इथेही, अंतर दुप्पट केलं की चौथा हिस्सा उरतो. त्यामानाने कानाला टेकलेला फोन कितीतरी जवळ. त्यातही रेंज नसली की फोन जास्त जोर लावतो. आजीला ऐकू येईनासं झालं तेव्हा आपण सगळे कसे ओरडून बोलायचो, तसं. आपल्या माजघराच्या चिरेबंदी भिंतींत रेंज येत नाही, म्हणजे तुमचा फोन तिथे सारखा ओरडत असतो. वाय-फाय बसलं की त्यावरूनच फोन लागेल, अगदी माजघरातून, न्हाणीघरातून सुद्धा. मला एवढंच हवं आहे. पुरात टॉवर बंद पडले तेव्हा तुमची खबर लागेपर्यंत मी घोटभर पाणी पिऊ शकले नव्हते. तसं पुन्हा नको.

तरी नुसतं माझ्या शब्दावर विसंबू नका. सरकारच्या 'तरंग संचार' संकेतस्थळावर ४००० रुपये भरून आपल्या घराशी लहरी मोजून घ्यायचा अर्ज मी केला आहे. मोजायला येतील तेव्हा बाबा, तुम्ही शेजारी उभे राहा आणि आकडा तुमच्या पावसाच्या वहीत लिहून घ्या. मर्यादेच्या वर निघाला तर मी स्वतः येऊन भांडेन, हा शब्द देते.

आई, तू उन्हाळाभर स्वयंपाकघरात जमिनीवर झोपतेस, खिडक्या लावून. का, तर ती जागा टॉवरपासून लांब. तुझे गुडघे मला इथून दुखतात गं. मी लहानपणी तापले की तू वरच्या खोलीत, त्याच खिडकीपाशी मांडीवर घेऊन बसायचीस, मोगऱ्याचा वास यायचा आणि मला वाटायचं आता काही होणार नाही. आज रात्री गादी वर घाल, खिडकी उघड, पंखा लाव. जिना जड वाटला तर बाबांची खोली आहेच.

आता काही गोष्टी ऐकाच. बाबा, फोन सदऱ्याच्या डाव्या खिशात अजिबात ठेवायचा नाही. टॉवरपेक्षा ही काळजी खरी आहे, तुमच्या छातीतल्या पेसमेकरपासून फोन किमान १५ सेंटिमीटर लांब हवा, तुमच्या हिशेबाने वीतभर धरा. बोलायचं उजव्या कानाने, लांबलचक बोलणं स्पीकरवर. राउटर ओटीवरच्या कोनाड्यात बसवायला सांगितलंय, त्याचं बटण रात्री बंद करायचं नाही. आई, दारावर आलेल्या माणसाकडून घेतलेलं ते 'लहरी शोषणारं' स्टिकर दोन्ही फोनवरून काढ. पैसे गेले तर गेले, मी रागावले नाही. पण ते खरंच लहरी अडवत असेल तर फोन आणखी जोर लावेल, आणि अडवत नसेल तर हवंय कशाला? रात्री फोन चालू ठेवून उशाच्या टेबलावर ठेवा, डोक्याखाली नको, हाताशी. काकूंचा आणि माझा नंबर एका बटणावर लावून द्यायला त्या मुलालाच सांगितलं आहे.

ठाण्याला या म्हणून मागे लागणार नाही. घर तुमचं आहे, तुम्ही तिथेच आनंदात राहावं म्हणूनच हे सगळं.

मुलगा आला की त्याला चहा दे. तो गेला की माजघरात जाऊन झोपाळ्यावर बस आणि पहिला फोन मला कर. मी त्या दिवशी रजा घेतली आहे.

तुमची,
मनू