पाहुण्या रायडरांच्या व्यवस्थेबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या शनिवारी व रविवारी साताऱ्यात होणाऱ्या आपल्या रॅलीसाठी मुंबई, कोल्हापूर आणि बेळगावहून पाहुणे येत असून त्यांच्या मुक्कामाची सोय सभासदांच्या घरी केलेली आहे. मुंबईच्या पाहुण्यांशी त्यांच्या यजमानांनी आजच फोनवर बोलून घ्यावे, कारण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी असल्याने त्यांना खोपोली-लोणावळ्याच्या जुन्या रस्त्यानेच यावे लागेल आणि रात्री घाटात ट्रकांच्या मागे अडकण्यापेक्षा पहाटे निघणे केव्हाही बरे.

रविवारी सकाळी आपण सज्जनगडाच्या पायथ्यावरून ठोसेघरमार्गे चाळकेवाडीच्या पठारावर जाणार आहोत. पवनचक्क्यांच्या त्या उघड्या माथ्यावर वारा आडवा लागतो आणि हलकी गाडी बघता बघता कडेला सरकते. म्हणून नवख्या पाहुण्याच्या पुढे व मागे रस्ता माहीत असलेला सभासद असावा आणि पुढच्याने प्रत्येक वळणानंतर मागच्या गाडीचा दिवा आरशात दिसल्याखेरीज वेग वाढवू नये. मागे बसणाऱ्यासह प्रत्येकाच्या डोक्यावर आयएसआय चिन्हाचे हेल्मेट असून त्याचा पट्टा लावलेला आहे, हे यजमानांनी निघण्यापूर्वी स्वतः पाहावे.

परगावी गाडी बंद पडली की माणूस फार एकटा पडतो, त्यामुळे पंक्चरचे साहित्य व क्लचची जादा केबल सोबत असू द्यावी. जेवणाचा खर्च क्लबच्या निधीतून होईल. पाहुण्यांकडून पैसे घेऊ नयेत. कोणाच्या घरी अडचण असल्यास गुरुवारी सायंकाळपर्यंत कळवावे, म्हणजे पर्यायी सोय करता येईल.

– कार्यवाह